अन्नपचन आणि क्षुधितांस अन्नदान

(समितीचे वर्गणीदार व स्वयंसेवक ह्यांच्यापुढें दिलेलें व्याख्यान)



आजच्या सभेंत चार शब्द बोलावे अशी समितीच्या चिटणिसांनीं आज्ञा केली, तेव्हां वर्गणीचा हिशेब, धान्याची आवकजावक किंवा सरकारदरबारीं केलेले अर्ज ह्यांपैकीं एखादा विषय आम्ही घेऊं अशी त्यांची अपेक्षा असावी. आमचा धंदा वकिलीचा. कागद, पुरावा आणि कलमें ह्यांतच आमचें आयुष्य गेलें. तथापि आम्हीं आज निवडलेला विषय ह्याहून अगदीं निराळा आहे. मनुष्यानें गिळलेल्या घांसाचें पोटांत पुढें काय होतें, हा तो विषय होय. हा प्रांत डॉक्टरांचा. त्यांत वकिलानें तोंड कां घालावें, असा आक्षेप कोणीं घेतल्यास तो रास्तच आहे. परंतु ज्याच्या हातून चूक घडली, त्यानें ती कां घडली ह्याचा शोध घ्यावा व इतरांस सावध करावें, हें त्याचें कर्तव्य ठरतें. आणि आमच्या हातून अशी एक चूक घडलेली आहे.

ती हकीकत प्रथम सांगतों. आमच्या अन्नछत्राच्या आरंभींच्या दिवसांत एके दुपारीं एक वृद्ध मजूर आपल्या नातवाचा हात धरून आला. गांवांत काम नाहीं, घरांत कर्तें माणूस नाहीं. मिळेल तें नातवाच्या तोंडीं घालून स्वतः पाण्यावर व उकडलेल्या पाल्यावर त्यानें कित्येक दिवस काढले होते. त्याच दिवशीं एका लग्नघरांतून उरलेलें पक्वान्न छत्रांत आलें होतें. आम्हीं स्वतःच्या हातानें त्याच्या पानांत पुऱ्या, श्रीखंड आणि बुंदीचे लाडू वाढले. "बाबा, लाजूं नका, पोटभर जेवा," असा आग्रहहि केला. जेवतांना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतें आणि आपल्या हातून मोठें पुण्यकृत्य घडत आहे असें आम्हांस वाटत होतें. त्या रात्रीं त्यास उलट्या व जुलाब सुरू झाले. मग छाती धडधडूं लागली, श्वास लागला, हातपाय गळाले. सरकारी दवाखान्यांत नेल्यावर तेथील डॉक्टरांनीं आम्हांस एवढेंच विचारलें, "वकीलसाहेब, ह्यांना पहिल्याच दिवशीं हें कोणीं खायला घातलें?" दैव बलवत्तर म्हणून तो वृद्ध वांचला. कायद्याचें अज्ञान हा बचाव होऊं शकत नाहीं, हें तत्त्व आम्ही न्यायालयांत अनेकदां ऐकलें आहे. निसर्गाच्या कायद्यासहि तें तितकेंच लागू पडतें, हें त्या रात्रीं कळलें. तेव्हांपासून डॉक्टर मित्रांस विचारून व ग्रंथ वाचून जें आम्हांस उमजलें, तें आपणांपुढें मांडीत आहों.

आपल्या भाषेंत एक अर्थपूर्ण वाक्प्रचार आहे: अन्न अंगीं लागणें. पोट भरणें आणि अन्न अंगीं लागणें ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि त्या दोहोंमधील सगळा प्रवास म्हणजेच पचन होय. ओठांपासून गुदद्वारापर्यंत आपल्या शरीरांतून एक लांब नळी गेलेली आहे. ह्या नळींत असलेलें अन्न खऱ्या अर्थानें अद्याप शरीराच्या बाहेरच असतें. देवडींत येऊन बसलेला पाहुणा माजघरांत आला असें कोणी म्हणत नाहीं. तसेंच जठरांत पडलेलें अन्न देहांत आलें असें म्हणतां येत नाहीं. आंतड्याच्या भिंतींतून पलीकडे रक्तांत गेलें तरच तें आपलें झालें. आणि त्या भिंतींतून जाण्यास वाट इतकी सूक्ष्म आहे कीं, अन्नाचे मोठे कण तींतून जाऊंच शकत नाहींत.

आपल्या अन्नांत मुख्यतः तीन प्रकारचे पोषक पदार्थ असतात. ज्वारी, बाजरी, तांदूळ ह्यांत पिष्टमय पदार्थ विपुल. डाळी, दूध, अंडीं, मांस ह्यांत प्रथिनें. आणि तेल-तुपांत स्निग्ध पदार्थ. पिष्ट म्हणजे साखरेच्या मण्यांची लांब माळ, आणि प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. माळ अखंड असतां आंत शिरत नाहीं. तिचे मणी सुटे करावे लागतात. मणी सुटे करण्याचें हें काम विकरें करितात. विकर म्हणजे असा पदार्थ कीं, जो स्वतः न खपतां दुसऱ्या पदार्थाचें विघटन त्वरेनें घडवून आणतो. प्रत्येक विकराचें काम ठरलेलें असतें. एकाचें काम दुसरें करीत नाहीं.

पहिला संस्कार तोंडांत होतो. दांतांनीं घांसाचें बारीक पीठ होतें व लाळेनें तें भिजून त्याचा गोळा बनतो. निरोगी मनुष्याच्या तोंडांत दिवसाकाठीं सुमारें एक ते दीड लिटर लाळ सुटते, व तींत पिष्टाचें विघटन करणारें अमायलेज नांवाचें विकर असतें. ज्वारीच्या भाकरीचा नुसता कोरडा तुकडा घेऊन तो सावकाश चावीत राहावें. थोड्या वेळानें तो गोड लागूं लागतो. ही गोडी भाकरींत आधीं नव्हती. पिष्टाच्या माळा तुटून साखर होऊं लागली, तिची ती गोडी होय. चावून खावें हा वडीलधाऱ्यांचा उपदेश ह्यासाठींच आहे. उलट, ज्याच्या अंगांतलें पाणी आटलें आहे त्याच्या तोंडास कोरड पडलेली असते. त्याच्या हातीं सुकी भाकरी देणें म्हणजे विहिरीस पाणी नसतां मोट जुंपण्यासारखें आहे.

गिळलेला घांस सुमारें पंचवीस सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेंतून जठरांत उतरतो. तो नुसता खालीं पडतो असें मात्र नाहीं. नलिकेचे स्नायू मागून आवळत आवळत त्यास पुढें ढकलितात. शीर्षासनांत असलेल्या मनुष्यासहि घोट गिळतां येतो, तो ह्याच कारणानें.

जठरांत काय चालतें हें जगास कळलें तें एका गरीब मजुरामुळें. १८२२ सालच्या जून महिन्यांत अमेरिकेंतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन नांवाच्या तरुणास अगदीं जवळून बंदुकीचा बार लागला. फरच्या व्यापाऱ्यांपाशीं होड्या वल्हविण्याचें काम तो करीत असे. विल्यम बोमाँट नांवाच्या लष्करी डॉक्टरानें त्याची शुश्रूषा केली. तो जगला, परंतु जखम भरतांना त्याच्या पोटावर एक छिद्र कायमचें राहिलें व त्यांतून जठराचा आंतील भाग दिसूं लागला. बोमाँटनें रेशमी दोऱ्यास अन्नाचे तुकडे बांधून त्या छिद्रांतून आंत सोडले व ठराविक वेळानें बाहेर काढून पाहिले. जठरांतील रस बाहेर काढून बाटलींत ऊबेंत ठेविला, तर त्यांतहि मांसाचा तुकडा विरघळूं लागला. पचन ही गूढ शक्ति नसून ती एक रासायनिक क्रिया आहे, हें त्यायोगें सिद्ध झालें. रोगी तापलेला किंवा संतापलेला असतां पचन बिघडतें, हेंहि त्यानें नोंदविलें. त्याचा ग्रंथ १८३३ सालीं प्रसिद्ध झाला.

ह्या प्रकरणांतील एक कागद आम्हांस वकील ह्या नात्यानें विशेष विचार करावयास लावतो. १८३२ सालीं बोमाँटनें त्या मजुराशीं रीतसर करारपत्र केलें: अन्न, वस्त्र, निवारा आणि वर्षाचे १५० डॉलर, आणि त्याच्या मोबदल्यांत त्यानें आपलें जठर प्रयोगांसाठीं खुलें ठेवावें. सेंट मार्टिन निरक्षर होता. त्याची संमति कितपत स्वतंत्र होती, हा प्रश्न कोणत्याहि न्यायाधीशानें विचारला असता. १८८० सालीं तो वारला तेव्हां डॉक्टरांनीं त्याचें प्रेत नेऊं नये म्हणून त्याच्या घरच्यांनीं तें कुजूं दिलें व मग खोल खड्ड्यांत पुरलें. अन्नपचनाचें आमचें आजचें ज्ञान हें असें एका गरिबाच्या पोटावरील ऋण आहे. तें फेडावयाचें तर गरिबांच्याच पोटासाठीं त्या ज्ञानाचा उपयोग केला पाहिजे.

जठराच्या रसांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतें. तें इतकें तीव्र असतें कीं, अन्नाबरोबर आलेल्या बहुतेक जंतूंचा त्यांत नाश होतो. त्याच आम्लांत पेप्सिन हें विकर प्रथिनांचे तुकडे करूं लागतें. जठराच्या आंतल्या भिंतीवर श्लेष्म्याचा लेप असतो, म्हणून जठर स्वतःलाच पचवून टाकीत नाहीं. साधें जेवण येथें दोन ते चार तास घुसळलें जातें. तुपट व तेलकट असल्यास अधिक वेळ राहतें. अन्न दिसतांच, किंबहुना त्याचा वास येतांच, हा रस सुटूं लागतो, हें रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह ह्यांनीं कुत्र्यांवरील प्रयोगांनीं दाखविलें व त्यांना पचनविषयक संशोधनाबद्दल १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. म्हणूनच आम्ही म्हणतों कीं, अन्नछत्रांतील पंगत स्वच्छ असावी, वाढणारानें आदरानें वाढावें, आणि भुकेल्यास रांगेंत खेंकसूं नये. हा केवळ शिष्टाचार नव्हे. पचनास त्यानें साह्य होतें.

परंतु पचनाचें मुख्य स्थान जठर नव्हे. तें लहान आंतडें होय. ह्याची लांबी सुमारें सहा मीटर. जठरांतून आम्लमिश्रित लापशी ह्याच्या तोंडाशीं येतांच स्वादुपिंडास रस सोडण्याचा संदेश जातो. हा संदेश मज्जातंतूंवांचून, रक्तांतून जाणाऱ्या एका द्रव्यानेंहि पोंचतो, हें बेलिस व स्टार्लिंग ह्या दोघां इंग्रज शास्त्रज्ञांनीं १९०२ सालीं लंडनमध्यें शोधून काढिलें. स्वादुपिंडाचा रस आम्लाचें शमन करितो आणि पिष्ट, प्रथिनें व स्निग्ध पदार्थ ह्या तिहींचें विघटन करणारीं विकरें पुरवितो. यकृतांत तयार होणारें पित्त तेलातुपाचे बारीक बारीक थेंब करितें. साबणानें तेलकट भांडें जसें निघतें, तशीच ही क्रिया. शेवटचें काम आंतड्याची भिंत स्वतः करिते: साखरेचें, दुधांतील शर्करेचें, प्रथिनांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचें विघटन तिच्या पृष्ठभागावरच होतें व सुटे झालेले मणी लागलीच आंत घेतले जातात.

ह्या भिंतीवर मखमलीच्या लवेसारखे असंख्य अंकुर असतात. त्यांस रसांकुर म्हणतात. त्यांच्यामुळें शोषणाचें क्षेत्र अतिशय वाढतें. पूर्वीच्या पुस्तकांत हें क्षेत्र टेनिसच्या मैदानाएवढें सांगत असत. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजणीप्रमाणें तें सुमारें ३० चौरस मीटर भरतें. तरीहि एका मनुष्याच्या पोटांत एका खोलीभर जाजम घडी करून ठेविलें आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं. ह्या जाजमाचें वैशिष्ट्य असें कीं, तें दर तीन ते पांच दिवसांनीं नव्यानें विणलें जातें. जुन्या पेशी गळतात, नव्या येतात. येथून शर्करा व अमिनो आम्लें रक्तांतून प्रथम यकृताकडे जातात. स्निग्ध पदार्थ बहुतांशीं लसीकावाहिन्यांतून फिरून रक्तास मिळतात.

उरलेला भाग सुमारें दीड मीटर लांबीच्या मोठ्या आंतड्यांत येतो. अन्न, पाणी व सर्व पाचकरस मिळून दिवसाला सुमारें आठ-नऊ लिटर द्रव आंतड्यांत उतरतो. निरोगी मनुष्यांत त्यांतील पाव लिटरहि बाहेर जात नाहीं, एवढी काटकसर हीं दोन आंतडीं करितात. मोठ्या आंतड्यांत कोट्यवधि सूक्ष्मजंतु राहतात व आपल्यास न पचलेल्या तंतूंपैकीं कांहीं भाग ते आंबवितात.

आतां पाल्याकडे वळूं. दुष्काळांत माणसें झाडाचा पाला, साली, कंद खातात. पानांतील तंतु म्हणजे सेल्युलोज, आणि ज्वारींतील पिष्ट, हे दोन्ही ग्लुकोज ह्या एकाच साखरेच्या मण्यांच्या माळा आहेत. फरक एवढाच कीं, मण्यामण्यांमधील गांठ निराळ्या तऱ्हेची आहे. पिष्टाची गांठ सोडणारें विकर मनुष्यापाशीं आहे. सेल्युलोजची गांठ सोडणारें नाहीं. गाईम्हशींच्या पोटांतील सूक्ष्मजंतूंस ती सोडतां येते, म्हणून त्या कडब्यावर जगतात. मनुष्याचें पोट मात्र पाल्यानें भरतें आणि देह रिताच राहतो. "त्यानें कांहीं तरी खाल्लें आहे" असें म्हणून ज्यांनीं पाला खाणाऱ्यास उपाशी मानलें नाहीं, त्यांनीं ही एक गांठ विचारांत घेतली नाहीं.

अन्न मिळेनासें झालें म्हणजे देह प्रथम यकृतांत सांठविलेली शर्करा वापरतो. ती सुमारें एका दिवसांत संपते. मग चरबी जळूं लागते, आणि तिच्याबरोबर स्नायूंतील प्रथिनें. ज्या इंद्रियांनीं अन्न पचवावयाचें तींहि ह्या काटकसरींतून सुटत नाहींत. जठरांतील आम्ल कमी होतें, म्हणून जंतु जिवंतपणीं पुढें जातात. रसांकुर आंखूड होतात, विकरें घटतात. दुधांतील शर्करा पचविणारें विकर विशेष लौकर कमी पडतें, म्हणून पुष्कळ दूध एकदम दिल्यास जुलाब होतात. सारांश, ज्यास अन्नाची सर्वांत अधिक गरज, त्याच्यापाशींच अन्न पचविण्याची शक्ति सर्वांत थोडी, हा उपासमारीचा क्रूर विपर्यास आहे.

किती अन्नास उपासमार म्हणावें? ह्या प्रश्नाचा एक इतिहास आमच्याच इलाख्यांत घडला आहे. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळांत सरकारी प्रतिनिधि म्हणून आलेल्या सर रिचर्ड टेंपल ह्यांनीं १८७७ सालीं असें ठरविलें कीं, कामावरील पुरुषास दिवसाला एक पौंड धान्य व वर थोडे पैसे एवढें पुरे. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश ह्यांनीं, इतक्या अन्नावर श्रम करणाऱ्या मनुष्याचें शरीर टिकणार नाहीं, असा उघड विरोध केला. आणि मुंबई इलाख्यांतील कपातीविरुद्ध पुण्याच्या सार्वजनिक सभेनें आवाज उठविला. आम्हीं आजच्या कोष्टकांवरून हिशेब केला: एक पौंड म्हणजे सुमारें ४५० ग्रॅम धान्य, आणि त्यापासून १,५५० ते १,६०० कॅलरी उष्णता मिळते.

आतां दुसरा पुरावा पाहा. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अँसेल कीज ह्यांनीं १९४४-४५ सालीं ३६ निरोगी तरुणांस, त्यांच्या संमतीनें, चोवीस आठवडे अर्धपोटीं ठेविलें. त्यांस दिवसाला सरासरी सुमारें १,५७० कॅलरी अन्न मिळे. चोवीस आठवड्यांत त्यांचें वजन जवळजवळ चौथाईनें घटलें. नाडी मंद झाली, पाय सुजले, उन्हाळ्यांतहि थंडी वाजूं लागली, मन खिन्न झालें, आणि दिवसरात्र अन्नावांचून दुसरा विचार सुचेनासा झाला. अर्धपोटीं ठेवण्यासाठीं शास्त्रज्ञानें जें प्रमाण योजिलें, जवळजवळ तेंच धान्य १८७७ सालीं खडी फोडणाऱ्या व माती वाहणाऱ्या रयतेस पुरेसें म्हणून ठरविलें गेलें होतें! मिनेसोटाचे तरुण डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, छपराखालीं होते. आमची रयत उन्हांत होती. ह्याहून अधिक भाष्याची आवश्यकता नाहीं.

येथपर्यंत कमी अन्नाचा विचार झाला. आतां आमच्या चुकीकडे, म्हणजे एकाएकीं दिलेल्या अधिक अन्नाकडे येतों. १५ एप्रिल १९४५ रोजीं ब्रिटिश सैन्यानें जर्मनींतील बेल्सनची छळछावणी मुक्त केली. तेथें सुमारें साठ हजार कैदी होते. सैनिकांचें हृदय द्रवलें व त्यांनीं आपल्या शिध्यांतील डब्यांतलें मांस व इतर जड पदार्थ त्या अस्थिपंजरांस खावयास दिले. सुटकेनंतरहि तेथें तेरा हजारांहून अधिक माणसें मेलीं. टायफसचा ताप व दीर्घ उपासमार हीं मुख्य कारणें खरीं. तथापि आरंभींच्या त्या जड अन्नानेंहि कित्येकांचा अंत ओढवला. पुढें डॉक्टरांनीं तेथें जें मिश्रण वापरून पाहिलें त्याचें नांव बंगालच्या दुष्काळावरून पडलें होतें. १९४३ च्या त्या दुष्काळांत पंधरा लाख माणसें मेलीं असा अंदाज सरकारी चौकशी मंडळानें १९४५ सालीं दिला, आणि पुढील अभ्यासकांनीं तो तीस लाखांपर्यंत नेला. आमच्या देशबांधवांच्या मरणांतून निघालेला तो धडा युरोपांतील छावणींत उपयोगीं आणण्यांत आला. तें मिश्रण फार गोड असल्यामुळें तेथील रोग्यांस रुचलें नाहीं. म्हणजे शास्त्रानें सांगितलेलें अन्नहि त्या त्या माणसांच्या सवयीचें असावें लागतें, हा दुसरा धडा त्यांतच मिळाला.

एकाएकीं दिलेल्या अन्नानें मृत्यु कां यावा? उपाशी देहांत फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम ह्या क्षारांचा सांठा अगदीं खालावलेला असतो. भरपूर गोड किंवा पिष्टमय अन्न पोटांत जातांच रक्तांत शर्करा वाढते, तिला आवरण्यासाठीं इन्सुलिन सुटतें, आणि शर्करेबरोबर हे क्षारहि रक्तांतून निघून पेशींत ओढले जातात. रक्तांतील त्यांचें प्रमाण एकदम घसरतें. मग हृदयाचे ठोके चुकतात, स्नायू लुळे पडतात, श्वास कोंडतो. आमच्या छत्रांतील त्या वृद्धाची छाती धडधडली, तिचें कारण डॉक्टरांनीं आम्हांस हेंच सांगितलें. आम्हीं वाढलेले लाडू त्याच्या आंतड्यांस पेलवले नाहींत, आणि जेवढे पेलवले त्यांनीं हृदयावर घाला घातला.

ह्यावर उपाय अवघड नाहीं. धीर मात्र पाहिजे. अतिशय कुपोषित बालकांसाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें सांगितलेली रीत अशी: प्रथम १०० मिलिलिटरांत ७५ कॅलरी एवढेंच सौम्य दुधाचें मिश्रण, तेंहि थोडें थोडें, दर दोनतीन तासांनीं, रात्रींसुद्धां, आणि बालक स्थिरावल्यावर मग हळूहळू अधिक सकस अन्न. आंतड्याचें जाजम तीन ते पांच दिवसांनीं नव्यानें विणलें जातें असें आम्हीं मघाशीं सांगितलें. विणकरास सूत मिळूं लागलें तरी वस्त्र होण्यास अवधि लागतोच. तो अवधि आपण दिला पाहिजे.

आणि जुलाब? येथेंहि आंतड्यानेंच वाट दाखविली आहे. लहान आंतड्याच्या भिंतींत अशी योजना आहे कीं, ग्लुकोज आणि मीठ हीं जोडीनें आलीं म्हणजे जोडीनेंच आंत घेतलीं जातात, व त्यांच्यामागून पाणी जातें. जुलाबांतहि ही वाट बहुधा बंद होत नाहीं. १९७१ सालीं बांगलादेशच्या निर्वासितांत बनगांव येथें पटकीची सांथ आली व शिरेंतून देण्याचें सलाईन संपूं लागलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं साखर-मिठाचें पाणी पिंपांत भरून नातेवाईकांच्याच हातून रोग्यांस पाजविलें. सुमारें तीस टक्क्यांवर गेलेलें मृत्यूचें प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांत चार टक्क्यांच्या आंत आलें. घरीं करावयाचें झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ, एवढेंच.

त्या वृद्धाच्या प्रसंगानंतर आमच्या छत्राची रीत आम्हीं बदलली, ती येथें नमूद करितों. नव्यानें येणारास प्रथम विचारावयाचें, "पोटांत अन्न जाऊन किती दिवस झाले?" जो कालपरवांपर्यंत जेवत होता त्यास भाकरी, वरण, भाजी. ज्यास पांच किंवा अधिक दिवस अन्न जवळजवळ नव्हतेंच, किंवा जो अगदींच कृश झाला आहे, त्यास आधीं डॉक्टरांकडे. आणि ते सांगतील त्या मापानें पातळ पेज किंवा मुगाचें कढण, वाटीवाटीनें. तिखट नाहीं, तळलेलें नाहीं, पक्वान्न नाहीं. ह्या कामीं आमच्या आजीबाईंचें शहाणपण फार उपयोगीं पडलें. ज्वारीच्या प्रथिनांची शिजविल्यावर पचनीयता कमी होते, आणि आंबविल्यानें ती सुधारते. आंबील करणाऱ्या आमच्या घरांतून ही गोष्ट रसायनशास्त्राच्या आधीं ठाऊक होती. मोड आणून वाळविलेल्या नाचणींत पिष्ट तोडणारें विकर आपोआप तयार होतें, म्हणून तिची पेज दाट न होतां अधिक सकस करितां येते. १९७२ च्या दुष्काळांत कामांवर वाटली जाणारी सुकडी आमच्या वडीलधाऱ्यांच्या स्मरणांत आहे. ती श्रम करणाऱ्या मजुरास योग्य. परंतु लंघनानें आंतडीं सुकलेल्यास पहिल्या दिवशीं पेजच योग्य.

कायद्याविषयीं एक शब्द बोलून आवरतों. अन्नाच्या हक्काची याचिका २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयांत गेली, आणि २०१३ सालीं अन्नसुरक्षेचा कायदा झाला. एक पौंडाच्या हुकुमापासून हक्काच्या धान्यापर्यंत हा देश आला, हें आम्हां कायदेपंडितांस भूषणावह आहे. परंतु कायदा धान्य दारापर्यंत आणूं शकतो. दारापासून रक्तापर्यंतची वाट कायद्यास दिसत नाहीं. ती वाट चालविणें हें वाढणाऱ्या हाताचें काम आहे.

म्हणून ह्या सभेंत आमची मागणी नेहमींच्या विनंतीपत्रकाहून थोडी निराळी आहे. लग्नकार्यांतील उरलेलें पक्वान्न कृपा करून पाठवूं नका. त्याऐवजीं मूग द्या, तांदूळ द्या, नाचणी द्या, गूळ, साखर व मीठ द्या. ज्यांस द्रव्य देतां येत नाहीं त्यांनीं वेळ द्यावा, कारण दर दोनतीन तासांनीं एक वाटी पेज भरविण्यास रात्रीं जागणारें माणूस लागतें, आणि तसें माणूस आम्हांस पैशापेक्षां अधिक दुर्मिळ झालें आहे.

तो वृद्ध आतां बरा आहे. दवाखान्यांतून परत आल्यावर त्यानें आमच्या छत्रांत चुलीपाशीं बसून पेज ढवळण्याचें काम मागून घेतलें. नवा कोणी खंगलेला मनुष्य आला आणि ताटाकडे पाहून अधीर झाला, कीं तोच त्याच्याजवळ जाऊन बसतो व म्हणतो, "दमानं घे बाबा. मी घाई केली होती." घाई आम्हीं केली होती, तो आमचा दोष आपल्या अंगावर घेतो. ह्या सभेपुढें तेवढी एक दुरुस्ती नोंदवून आम्ही आपली रजा घेतों.